मागच्या सीटचे वॅट

१२१

"खड्डा होता," मागून बायको म्हणाली.

"कुठे?"

"आता माझ्या कमरेत."

चष्मेवाला म्हणजे तिचा नवरा; गावात त्याचं चष्म्यांचं दुकान. त्याचे डोळे हँडलवर बांधलेल्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर होते. एकशे एकवीस. एकशे अठरा. एकशे तेवीस. पडद्याच्या पलीकडे रस्ता होता, झाडं होती, सकाळचं कोवळं ऊन होतं आणि खड्डेही होते. पण पडदा अलीकडे होता.

दोन सीटांची ही सायकल त्यांनी मुलीच्या लग्नानंतर घेतली. पुढे तो, मागे ती. वळवायचं, थांबवायचं, गिअर बदलायचे, सगळं पुढच्याने. मागचं हँडल नुसतं धरायला. मागे बसणाऱ्याला रस्ता दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. म्हणून पुढच्याने तोंडाने रस्ता सांगायचा, हा अशा सायकलचा पहिला नियम. चष्मेवाला तो इतकी वर्षं हौसेने पाळत आला होता. "खड्डा." "डावीकडे वळतोय." "कुत्रं आहे, पण सज्जन दिसतंय." "त्या पिवळ्या घराला हिरवा रंग द्यायला घेतलाय. डोळ्यांवर अत्याचार." बायको मागून 'हं' म्हणायची, आणि त्याच्या पाठीवर तिला सगळं गाव दिसायचं.

पडदा आल्यापासून पुढून फक्त आकडे यायचे.

पडदा जावयाने दिला होता, आणि त्याच्याबरोबर पेडलची एक जोडी. पायाने किती जोर लावला ते ही पेडल आतल्या आत वॅटमध्ये मोजायची आणि पडद्याला कळवायची. जावयाने नवीन जोडी घेतली, जुनी सासऱ्याकडे आली. "वेगावर जाऊ नका बाबा," तो म्हणाला होता. "उतारावर कोणीही शूर असतो. वारा पाठीशी असला की कोणीही शूर असतो. वॅट खोटं बोलत नाहीत."

ते खरंच होतं. पुढे जे झालं त्यात वॅट एकदाही खोटं बोलले नाहीत.

१२४

"सरासरी एकशे चोवीस," मास्तरांनी पडदा वाचला. मास्तर म्हणजे सायकल क्लब चालवणारे. आयुष्यभर मुलांना पोहायला शिकवलं, त्यामुळे शिट्टी अजून गळ्यात. "चढाच्या गटासाठी मी दीडशे म्हणालो होतो. अर्धा तास, सलग."

"मागे सामान आहे ना मास्तर."

सगळे हसले. बायकोला सामान म्हणायचा विनोद मूळ चष्मेवाल्याचाच, पण आता तो क्लबच्या मालकीचा झाला होता. 'सामान बांधलं का?' असं विचारल्याशिवाय रविवार सुरू होत नसे. बायकोही हसली. ती पाण्याची बाटली पुसत होती.

वर्षातून एकदा क्लब मनोऱ्याच्या टेकडीवर चढायचा. ज्यांना चढ झेपत नाही ते तळ्याकाठच्या सपाट रस्त्याने जायचे: बाळांच्या सीटा, पुढे टोपल्या, अधूनमधून थांबून फोटो. क्लबात त्याला बदकांचा गट म्हणत. गेल्या वर्षी हे दोघं तिसऱ्या वळणावर उतरले आणि सायकल ढकलत वर आले. ते मास्तरांनी पाहिलं होतं.

"बदकं वाईट नसतात हो," मास्तर म्हणाले.

"मी बदक नाही."

हे तो जरा जास्तच जोरात म्हणाला. त्याचे वडील याच वयाचे होते, तेव्हा एकदा दुकानाच्या माळ्याची शिडी अर्धी चढून खाली उतरले. 'उद्या चढतो,' म्हणाले. त्यानंतर माळ्यावर कायम मुलगाच चढला. चष्मेवाल्याने याबद्दल घरात कधी अवाक्षर काढलं नव्हतं. टेकडी चढायची एवढंच म्हणायचा.

०

आता मोज्यांबद्दल सांगायला हवं.

एवढी लांब सायकल घरात मावत नाही. ती इमारतीच्या तळमजल्याच्या बोळात भिंतीला टेकून असते, आणि बोळातून जाणाऱ्यांच्या नडग्या पेडलांना लागतात. दोन शेजाऱ्यांनी नडग्या उघड्या करून दाखवल्यावर तोडगा निघाला: सायकल राहू दे, पेडल काढून वर न्या. तेव्हापासून फिरून आलं की चारही पेडल सोडवायची, मोज्यांत घालायची, वर आणायची. करड्या मोज्यात पुढची, निळ्यात मागची. सकाळी ज्याची त्याने बसवायची.

चारही काळी. मोजणारी जोडी दांड्याशी किंचित जाड, पण सांगितल्याशिवाय कळू नये इतकीच. डावं पेडल उजवीकडे बसत नाही, आटे उलटे असतात. पुढचं मागे मात्र खुशाल बसतं.

बायको रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला. दिवसभर ओल्या चादरींच्या ट्रॉल्या ढकलायच्या, यंत्रात भरायच्या, काढायच्या. मळकं कापड दिसलं की तिचे हात स्वस्थ बसत नाहीत. एका शनिवारी तिने पेडल टेबलावर ओतली, दोन्ही मोजे धुतले, वाळवले आणि पेडल परत भरली.

करड्यात मागची. निळ्यात पुढची.

रविवारी चष्मेवाल्याने आपली पेडल स्वतः, पाना घट्ट आवळून बसवली. गावातल्या निम्म्या लोकांना जवळचं दिसायला लावणाऱ्या या माणसाचा स्वतःचा जवळचा चष्मा दुकानात होता.

१५८

"खालची ओळ वाचा."

"दिसत नाही," खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं.

"आता?"

"आता थोडी दिसते."

"मला विचाराल तर एकशे अठ्ठावन्न," चष्मेवाला म्हणाला.

"अं? कसले?"

मग गिऱ्हाइकाला एका डोळ्यावर झाकण ठेवून सगळं ऐकावं लागे. सीट बोटभर वर घेतली. रात्रीचं जेवण लवकर. आणि मुख्य म्हणजे जोर करायचाच नाही, पाय गोल फिरू द्यायचे. पूर्वी घाम गाळून एकशे वीस. आता गाणं गुणगुणत एकशे साठ. शरीराला एकदा कळलं की कळलं.

गंमत अशी की तो मनापासून बोलत होता. आकडा चांगला दिसला की तो पाय सैल सोडायचा. सैल सोडले तरी आकडा पडायचा नाही, कधी उलट चढायचा. यालाच तयारी म्हणतात, असं त्याला वाटे.

मास्तरांनी सरासरी दोनदा वाचली आणि चढाच्या गटात नाव घातलं.

"तुला सांगतो," त्या रात्री ताटावर बसून तो म्हणाला, "तुझ्या वजनासकट हं."

"मला हल्ली फार दमायला होतं," बायको म्हणाली. "सायकल जड झालीय का हो? तेल घालून बघा."

त्याने तेल घातलं.

१७१

टेकडीच्या तिसऱ्या वळणावर, गेल्या वर्षी उतरले त्याच दगडापाशी, चष्मेवाल्याच्या उजव्या पोटरीत गोळा आला.

आला तो असा की डोळ्यांसमोर तारे चमकले. या सायकलवर पाय थांबवता येत नाहीत. दोघांची पेडल एकाच साखळीने जोडलेली, एकाची फिरली की दुसऱ्याची फिरतातच. त्याचे पाय पेडलांवर नुसते पाहुण्यासारखे गोल फिरत राहिले. संपलं, त्याला वाटलं. त्याने पडद्याकडे पाहिलं.

एकशे एकाहत्तर.

त्याने डावा पायही सैल सोडला.

एकशे ब्याऐंशी.

"अगं."

"बोलायला लावू नका."

"जरा जोर थांबव. क्षणभर."

"चढावर?"

"ऐक ना."

तिने थांबवला. पडद्यावर अकरा दिसले आणि सायकल डुगडुगायला लागली. "लाव, लाव, लाव," तो ओरडला. एकशे चौऱ्याण्णव.

चौथं वळण आलं. वरून दोन जण मागे वळून हात हलवत होते. गप्प बसलं तर हे कधीच कुणाला कळणार नव्हतं. घरी जाऊन मोजे बदलायचे, की झालं. पुढच्या रविवारी आकडा का पडला त्याला हवा, वय, झोप अशी हजार कारणं देता आली असती.

"ती पेडल तुझ्या पायाखाली आहेत," तो म्हणाला.

"कुठली?"

"मोजणारी. हे आकडे तुझे आहेत. मास्तरांना दाखवले तेही तुझेच."

मग सायकलचा दांडा थरथरायला लागला. ती रडतेय असं त्याला वाटलं. पण पडद्यावर एकशे साठ, एकशे तीस, एकशे दहा होत गेलं, तसं त्याला कळलं की ती हसतेय.

"हसू नकोस, पडू आपण."

"मोजे," ती धापा टाकत म्हणाली. "मी मोजे धुतले होते."

"धुतलेस ना. आता जोर लाव."

"आणि सामान कोण हो?"

त्याने हँडल घट्ट धरलं.

"सामानाने," ती म्हणाली, "बोलू नये. जमतील तेवढे पाय फिरवावे. आणि पुढे काय आहे ते सांगावं, मला तुमच्या शर्टाशिवाय काही दिसत नाही."

तेव्हा त्याने कित्येक महिन्यांनी मान वर केली.

"उजवीकडे वळण," तो म्हणाला. "वाळू सांडलीय, मी बाहेरून घेतो. पुढे चढ कमी दिसतोय."

"खरंच?"

"नाही."

"बरं."

"पण मनोरा दिसतोय. त्याच्या तारेवर कुणाचा तरी पतंग अडकलाय. लाल."

"शेपूट आहे?"

"आहे."

पडद्यावर काय होतं ते सांगता येणार नाही. कुणी पाहिलं नाही.

–––

वर पोहोचल्यावर मास्तरांनी शिट्टी वाजवली आणि चष्मेवाल्याचा हात हातात घेतला. "मानलं बुवा. या वयात."

"हात मागे द्या मास्तर. चढवलं तिने. आज सामान मी होतो."

सगळा क्लब खो खो हसला. चष्मेवाल्याच्या विनोदांत हा सर्वांत चांगला, असं ठरलं. त्याने मोज्यांची हकीकत सांगितली तेव्हा तर दोघातिघांना बसावंच लागलं. शेवटी मास्तरांनी गमतीत भर म्हणून बायकोशीही हस्तांदोलन केलं, आणि हात सोडवून घेताना त्यांचा चेहरा जरासा बदलला. धुलाईखान्यातला हात होता तो.

९६

पुढच्या रविवारी त्याने दुकानातला चष्मा घरी आणला, तो लावून पेडल उजेडात धरली, आणि जाड दांड्याची जोडी पुढे बसवली. मोज्यांना हात लावू दिला नाही.

सपाट रस्ता, वारा नाही. इतके महिने सैल सोडलेल्या पायांनी त्याने जीव लावून जोर केला. ओठ मिटले, मान ताठ केली, पोटरीला दम दिला. पुलापर्यंत तसाच गेला.

"किती?" मागून बायकोने विचारलं.

आकडा पुढे होता. तिला दिसत नव्हता.

"शहाण्णव."

"हं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "शहाण्णव काही कमी नाहीत."

"कशाच्या मानाने?"

यावर तिने फार विचार केला. "बदकाच्या," ती म्हणाली.

तो इतका हसला की पुलावर सायकल थांबवावी लागली. मग हसता हसताच उतरला आणि पडद्याचा पट्टा सोडवला. हँडलवर तेवढ्या जागी रंग घासून फिका झाला होता. पडदा त्याने स्वतःच्या सीटखालच्या दांडीला उलटा बांधला, तिच्या तोंडासमोर येईल असा. पाना काढून पुढची पेडलही मागे आणि मागची पुढे बसवली. ती पुलाच्या कठड्याला टेकून बघत राहिली. पाण्यात बदकं होती, पण त्यांचं नाव दोघांनीही काढलं नाही.

"हे कशाला?"

"आकडा ज्याचा त्याने बघावा."

दुकानाच्या माळ्यावर तो अजून चढतो. शिडी धरायला मात्र हल्ली कुणालातरी सांगतो, आणि सांगायला लाजत नाही.

सायकल निघाली. समोर आता नुसता रस्ता. पहिल्या वळणापर्यंत त्याला करमलं नाही.

"किती गं?"

"रस्ता बघा."

त्याने बघितला. "खड्डा," वेळेवर म्हणाला, आणि चाकं बाजूने गेली. "दूधवाला उजवीकडून. त्याच्या मागे शाळेची पोरं. आणि ते पिवळं घर..."

"काय झालं?"

"पूर्ण झालं. सगळं हिरवं."

"कसं दिसतंय?"

चष्मेवाल्याने घर मागे पडेपर्यंत नीट पाहून घेतलं.

"होईल सवय," तो म्हणाला.