सात नंबरचा पट्टा

पट्टा टेबलावर आडवा पडला होता आणि त्याचा उसवलेला जोड जिभेसारखा बाहेर लोंबत होता. उंच इमारतींच्या काचा पुसणारी माणसं असा पट्टा कमरेला बांधतात, देवाचं नाव घेतात आणि दोरावर लटकतात. ओढून बघायच्या यंत्रावर हा पट्टा अर्ध्या ताणालाही टिकला नव्हता.

"सात नंबर," साहेबांनी आतलं लेबल वाचलं. "सातवर कोण बसतं?"

ताईने उसवलेला जोड बोटांनी आत दाबला.

"मावशी, साहेब."

"मग सरळच आहे. सातचे गठ्ठे तेवढे गाडीतून उतरवा, बाईंना आजपासून घरी बसवा, बाकी माल जाऊ दे. ओळीची सुपरवायझर झालात ना आता? पहिला निर्णय जरा कडक घ्या. त्याशिवाय माणसं वठणीवर येत नाहीत."

साहेब काही दुष्ट नव्हते. त्यांचा हिशेब साधा होता. खुर्चीला नंबर, पट्ट्याला नंबर, चूक झाली की नंबर धरायचा. पण शिलाईच्या हॉलमध्ये या नंबरांचं काय झालं होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांना सोडून. आणि मावशीला सोडून.

मावशीची नजर मंदावली होती, हातही संथ पडला होता. तिचं काम कमी दिसू नये म्हणून ओळीतल्या बायकांनी एक रीत पाडली होती. मावशी पाणी प्यायला उठली की शेजारणी तिच्या टोपलीतले न शिवलेले पट्टे अलगद उचलायच्या, आपल्या कामात घुसवून शिवायच्या आणि ती पुन्हा उठली की परत तिच्याच टोपलीत सरकवायच्या. लेबल आधीच लागलेलं असायचं, सातचंच. संध्याकाळी भरलेली टोपली बघून मावशी म्हणायची, "अजून हात चालतो बरं का, पोरींनो!" आणि पोरी म्हणायच्या, "चालतो काय, धावतो!" ताई परवापर्यंत त्याच ओळीत बसत होती. तीही हेच करायची आणि पदरात पुण्य पडल्यासारखी घरी जायची.

तिने पट्टा उलटा केला. वरून शिवणीचा चौकोन आणि त्यातली फुली कशी रेखीव! खालच्या बाजूला मात्र अर्ध्या फुलीपासून टाकाच नव्हता. खालून येणारा बॉबिनचा दोरा शिवता शिवता संपला होता आणि शिवणारीने पट्टा उलटून बघितलाच नव्हता. दोघींचं काम एका हाताने उरकायचं म्हटल्यावर उलटून बघायला वेळ कुणाला?

पट्टा ओढणीखाली धरून ती हॉलमध्ये आली. मावशी डबा धुवायला गेली होती. ताईने बायकांना जवळ बोलावलं.

"हा कोणी शिवला?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. शेवटी कात्री बोलली. तिचं नाव कात्री का पडलं, हे विचारायची गरज कुणाला पडली नव्हती.

"आधी सांगा, ताई म्हणू की मॅडम? म्हणजे कुठल्या तोंडाने बोलायचं ते ठरवते."

"चेष्टा नको. मावशीला घरी बसवतायत."

कात्रीचा चेहरा उतरला. "मग दोरा खराब होता म्हणून सांग. दोऱ्याला कुठे पोरंबाळं असतात!"

"दोरा तपासतील."

"मग यंत्र खराब."

"अगं, शिवला कोणी ते सांग ना."

"कुणाला माहीत असेल तर सांगेल ना! मी शिवला असेन, हिने असेल. जाता जाता तूसुद्धा शिवला असशील."

ताई आपल्याच हातांकडे बघत राहिली. कारण हेच तर खरं होतं. ज्या हाताने घाईत सातचा पट्टा असा शिवला, त्याच हाताने त्याच घाईत स्वतःचेही शिवले होते. सातचे गठ्ठे काढून काय होणार? त्या हाताचे पट्टे दुसऱ्या नंबरांखाली गाडीत बसले होते.

"कात्री, कालचे तुझे सगळे उलटून बघितलेस?"

कात्रीचा अंगठा ओढणीच्या काठावरून फिरत राहिला. मग हळूच म्हणाली, "साहेबांना सांगितलंस तर मावशीलाही कळेल. लाजेने मरेल गं ती."

"आणि नाही सांगितलं तर?"

इकडे आड, तिकडे विहीर, आणि आवारात गाडीचं इंजिन सुरू झालं.

ताई धावली. मागून कुणीतरी "थांब!" म्हटलं, तरी ती थांबली नाही. गाडीसमोर जाऊन आडवी उभी राहिली. साहेब जिन्यावरून ओरडत आले, बायका दाराशी जमल्या आणि त्यांच्या मागे ओल्या हातात डबा घेऊन मावशी.

मावशी नसती तर किती सोपं होतं! ताईने मनात म्हटलं, देवा, जीभ तेवढी अडखळू देऊ नकोस.

"साहेब, सातचे पट्टे मावशीने एकटीने शिवलेले नाहीत. आम्ही सगळ्यांनी शिवलेत, आमच्या कामात कोंबून, घाईत. वर्ष झालं. कुठल्याच नंबरवर भरवसा ठेवता येत नाही. सगळी गाडी उतरवा."

"सगळी? तुम्हाला कळतंय का काय बोलताय?"

"कळतंय."

साहेबांनी बायकांकडे बघितलं. कुणी नाकारेल, अशी त्यांना आशा असावी. कात्री खाली बघत पुढे आली आणि म्हणाली, "खरं आहे, साहेब."

"उतरवा," साहेब म्हणाले, आणि जिन्याकडे वळताना, "तुमचं सगळ्यांचं नंतर बघतो."

गठ्ठे हॉलमध्ये परत आले. मावशी आपल्या खुर्चीवर ताठ बसून होती. ताई समोर उभी राहिली.

"मला एकदा विचारायचं होतंत," मावशी म्हणाली. "मी काय लहान मूल होते, टोपलीत खाऊ टाकायला?"

"चुकलं, मावशी."

"त्यातले माझ्या हातचे किती? तेवढे तरी वेगळे काढून दे."

कात्रीने डोळ्यांनी खुणावलं, दे काहीतरी, मूठभर दे. ताईने गठ्ठ्यातून एक पट्टा उचलला, दुसरा उचलला. मग दोन्ही खाली ठेवले.

"नाही सांगता येत."

मावशीने पदराने डोळे पुसले, चष्मा चढवला आणि मांडीवरची जागा मोकळी केली.

"मग सगळेच आण इकडे. एकेक उलटून बघते," ती म्हणाली. "आणि माझ्या पुढ्यातून कुणी काही उचलायचं नाही."