नावाड्याचं आमंत्रण

शुक्रवारचं जेवण हाज्जा तफीदाच्या घरी व्हायचं, हा शुब्रा वस्तीतल्या त्या इमारतीचा कायदाच होता. तळमजल्यावर सासू हाज्जा, दुसऱ्या मजल्यावर थोरली सून दौलत, आणि सगळ्यांच्या डोक्यावर, गच्चीला लागून, धाकटी सून इन्शिराह. बदक सासूनं भाजायचं, मुलूखियाची भाजी दौलतनं करायची, आणि भांडी कुणी घासायची ते विचारूच नका.

त्या शुक्रवारी बदकाची तंगडी मोडता मोडता दौलतनं नेहमीचा विषय काढला. "गुरुवारी आम्ही चाललो अलेक्झांड्रियाला. जास्त नाही, चारच दिवस. काय करणार बाई, समुद्रावर फ्लॅट घेऊन ठेवलाय तर जायला नको? बाल्कनीतून पाय सोडले की पाण्यातच!" मग तिनं मान वळवली, भुवया उंच चढवल्या, आवाजात मध ओतला. "अगं इन्शिराह, तुम्ही पण चला ना! अल्लाची शपथ आहे तुम्हाला, नाही म्हणायचंच नाही!"

आता अशा वेळी काय करायचं असतं ते शुब्रातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. हात छातीवर ठेवायचा, 'तुम्ही म्हणालात, यातच सगळं आलं' असं म्हणायचं. समोरची पुन्हा शपथ घालणार, आपण पुन्हा नको म्हणायचं, की दोघींचाही मान राहतो. भर नाईलमधून चाललेला नावाडी काठावरच्या माणसाला 'या जेवायला' म्हणून हाक मारतो ना, तसलं ते आमंत्रण. काठावरचा काही पाण्यात उडी मारत नाही.

इन्शिराहनं हातातला रोटीचा तुकडा खाली ठेवला. हात छातीकडे गेलाच नाही. "येतो," ती म्हणाली.

"काय?" दौलत म्हणाली.

"येतो म्हटलं. तुम्ही एवढी शपथ घातलीत, उम्म हानी, ती कशी मोडणार? मी, बयूमी आणि नवारा. गुरुवारी सकाळी तयार राहतो." हानीची आई म्हणून दौलतला ती उम्म हानीच म्हणायची.

इन्शिराहच्या नवऱ्याला, बयूमीला, जोराचा ठसका लागला. दौलतचा नवरा शाबान पाण्याच्या ग्लासाकडे असा बघत राहिला की जणू त्यात मासा पोहतोय. म्हातारी हाज्जा तेवढी खुलली. "वा वा! धाकटी जाणार असेल तर मी पण येते. इतकी वर्षं नुसतं ऐकतेय त्या फ्लॅटबद्दल, डोळे मिटायच्या आधी एकदा बघू तरी दे!"

दौलतच्या तोंडाचा रंगच उडाला. इन्शिराहनं तो डोळे भरून पाहिला आणि तिला वाटलं, आज कितीतरी दिवसांनी आपण पोटभर जेवलो.

कारण हिशेब मागच्या उन्हाळ्याचा होता. तेव्हाही दौलत याच ताटावरून, याच मधाळ गळ्यानं बोलली होती, पण इन्शिराहला नाही, तिच्या सात वर्षांच्या नवाराला. "येशील ना गं राणी समुद्रावर? चल आमच्याबरोबर!" मोठ्या माणसांना तरी कळतं. त्या पोरीला काय कळणार? निघायच्या दिवशी सगळे झोपेत असताना नवारा उठली, कमरेला फुगवलेली ट्यूब चढवली आणि जिन्यावर जाऊन बसली. दौलत, शाबान आणि हानी पेट्या घेऊन तिच्या बाजूनं उतरले. दौलतनं तिचा गाल ओढला, "बाय बाय हं" म्हणाली आणि गाडी सुटली. तरी पोरगी हलली नाही. तिला वाटलं, गाडीत जागा नव्हती, आता दुसऱ्या खेपेला येतील. इन्शिराह तिला वर न्यायला गेली तेव्हा उन्हं जिन्यात आली होती आणि पोरगी म्हणत होती, "अम्मा, थांब ना, मी वर गेले तर मला सोडून जातील."

हे सुद्धा इन्शिराहनं गिळलं असतं. पण परत आल्यावर दौलत स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून खदाखदा हसत शेजारणीला सांगत होती, "पोरगी नावाड्याच्या आमंत्रणाला भुलली हो!" त्या इमारतीत सगळी स्वयंपाकघरं एकाच डक्टवर उघडतात. तळाला कुणी शिंकलं तर वरून 'अल्ला भलं करो' येतं. संध्याकाळपर्यंत गल्लीतली पोरं नवाराला विचारायला लागली, "काय गं, आली का तुझी नाव?" तेव्हापासून पोरगी कुणाच्या घरी पाणीसुद्धा पीत नाही. कुणी 'ये' म्हटलं की हात छातीवर. एवढीशी पोर, आणि अगदी म्हातारीसारखी! ते पाहून इन्शिराहच्या काळजाचं पाणी व्हायचं, आणि लगेच त्या पाण्याला उकळी फुटायची. तेव्हाच तिनं ठरवलं होतं, दौलतच्या तोंडातून तो शब्द पुन्हा निघू दे, मग दाखवते.

आणि आता दाखवायला अख्खा आठवडा होता!

शनिवारी सकाळीच ती खिडकीतून डक्टमध्ये ओरडली, "उम्म हानी! उशा आणू की तिथे आहेत?" सगळ्या खिडक्या कान टवकारून उघड्या झाल्या. खालून बऱ्याच वेळानं आवाज आला, "आहेत."

रविवारी तिनं बाजारातून नवारासाठी पिवळा पोहण्याचा पोशाख आणला, प्लास्टिकच्या सपाता आणल्या, वाळूत रोवायची छत्री आणली, आणि ती छत्री जिन्यातून जाताना मुद्दाम दौलतच्या दारावर आपटली. "अगं बाई, लागलं का दाराला? तुमच्याच फ्लॅटवर चाललीय ती, उम्म हानी!" संध्याकाळी तिनं गच्चीवरून दोरीनं टोपली खाली सोडली, ती नेमकी दौलतच्या बाल्कनीसमोर थांबवली आणि म्हणाली, "द्राक्षाची पानं टाका ना थोडी. सगळ्यांसाठी भात भरून महशी मीच करते. तुमच्याकडे राहायला येतोय, रिकाम्या हातानं कशी येऊ?" दौलतनं पानं टाकली. टाकताना तिच्या बांगड्या जरा जास्तच वाजल्या.

बयूमी बिचारा साधा माणूस. प्लंबिंगची कामं करायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. "कशाला गं छळतेस? ती नको म्हणत नाहीये म्हणून काय..."

"नको म्हणू दे ना!" इन्शिराह म्हणाली. "म्हणावं की खोटं बोलले. मी लगेच छत्री मिटते."

सोमवारी दौलतनं पहिला डाव टाकला. डक्टमधून रडका आवाज आला, "हानीला ताप भरलाय गं, बहुतेक जाणंच रद्द करावं लागणार."

"अय्या, ताप!" इन्शिराह वरून ओरडली. "मग तर समुद्राची हवाच हवी! मी कबुतराचं सूप घेऊन येते, थांबा." सूप घेऊन ती खाली गेली तर हानी गल्लीत फुटबॉल खेळत होता. तिनं त्याला जिन्यावरच वाडगा पाजला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उतरला बरं का ताप!"

मंगळवारी दुसरा डाव. "फ्लॅटची पाण्याची लाइन फुटलीय. कालच फोन आला."

"मग माझा नवरा कशाला आहे?" इन्शिराह म्हणाली. "पाने, टेप, नळ सगळं घेऊन येतोय तो. तुमच्यासाठी फुकटात." यावर तिसऱ्या मजल्यावरच्या बाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातलं झाकण डक्टमध्ये पडलं. इन्शिराहला त्या रात्री काय गाढ झोप लागली!

फक्त एका गोष्टीनं तिच्या मजेत खडा पडत होता. नवारा काही पिशवी भरत नव्हती. पिवळा पोशाख तिनं घडी करून कपाटात ठेवून दिला. ट्यूब कपाटावर तशीच पडलेली, हवा गेलेली.

"अगं, आपण चाललोय ना समुद्रावर!" इन्शिराह म्हणाली.

"बघू," नवारा म्हणाली.

बुधवारी दुपारी दौलत स्वतः वर आली. घरातल्या सपाता, डोक्यावरचा रुमाल वाकडा, आणि मागे वळून जिन्यात कुणी नाही ना ते बघत. इन्शिराह महशीचं पातेलं उतरवत होती. तिनं 'बसा' म्हटलं नाही.

"इन्शिराह, दार लाव." दौलतचा आवाज डक्टला ऐकू जाणार नाही एवढा खाली होता. "फ्लॅट नाहीये गं."

"पाण्याची लाइन फुटून वाहून गेला की काय?"

"कधीच नव्हता." ती ओट्याला टेकली. "लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंपुढे तोंडातून निघून गेलं. मग मागे घेता येईना. आम्ही माझ्या बहिणीकडे जातो, अलेक्झांड्रियातच, ट्रामच्या रुळांमागे. दोन खोल्या आहेत. एकीत ती, तिचा नवरा आणि पोरं, एकीत आम्ही. आम्ही दारात उभे राहिलो तरी तिच्या कपाळाला आठ्या पडतात. दर वर्षी 'पुन्हा या हं' म्हणते, आणि मी निर्लज्जासारखी जाते. आता सासूबाईंना घेऊन जाऊ? त्यांना काय दाखवू, ट्राम? तूच नको म्हण. पोरीला ताप आला म्हण, काहीही म्हण. मी तुझ्या पाया पडते."

काय सांगायचं, इन्शिराहच्या अंगातून गोड शिरशिरी गेली. याच क्षणासाठी ती वर्षभर दातओठ खात जगली होती. दार उघडायचं, खिडकीशी जायचं, आणि डक्टमध्ये एकच वाक्य टाकायचं, बस. अख्खी इमारत उद्यापर्यंत त्यावर जेवली असती. ती दोन पावलं खिडकीकडे गेलीसुद्धा. मग तिला याहून बरं सुचलं.

"ठीक आहे. नको म्हणते मी," ती म्हणाली. "पण आधी आत जा. नवारा जेवतेय. मागच्या वर्षी जे केलंस ते तिला तोंडानं सांग. सगळ्या गल्लीत तिला येडी ठरवलंस ना? येडी ती नव्हती, खोटी तू होतीस. हे तिला सांग. माझ्यासमोर." इतक्या वर्षांचं 'तुम्ही' कधी गळून पडलं ते तिचं तिलाही कळलं नाही. दौलतनं ते ऐकलं आणि मान खाली घातली.

नवारा मुलूखियाच्या वाडग्यात रोटी बुडवून खात होती. दौलत तिच्यासमोर उभी राहिली. हाताची बोटं रुमालाशी खेळत होती.

"नवारा, राणी... मागच्या वर्षी मी तुला चल म्हटलं ना, ते मी उगाच म्हटलं होतं. तू येशील असं मला वाटलंच नाही. आणि मग मी हसले. चूक माझी होती. तू काही येडी नाहीस."

नवारानं घास नीट चावून गिळला. मग तिनं मान वर केली, भुवया उंच चढवल्या, आणि मध ओतलेल्या आवाजात म्हणाली, "जाऊ दे हो काकू! उभ्या का? बसा ना, जेवूनच जा! अल्लाची शपथ आहे तुम्हाला, नाही म्हणायचंच नाही!"

आणि जागची हलली नाही. खुर्ची सरकवली नाही, रोटी पुढे केली नाही. पुढचा घास मोडायला लागली.

दौलतचा हात आपोआप छातीवर गेला. "नको गं, आत्ताच झालं जेवण, तू म्हणालीस यातच..." आणि तिनं हात खाली घेतला, कारण आपलीच भुवई, आपलाच गळा, आपलंच हसू त्या आठ वर्षांच्या तोंडावर तिला दिसत होतं.

इन्शिराहला आधी वाटलं, जिंकलो! पोरीनं काय टोला हाणला! हसू तिच्या ओठापर्यंत आलं होतं. मग तिनं नवाराचे डोळे पाहिले आणि ते हसू तिथेच विरलं. पोरीला कसली मजा आली नव्हती. तिनं फक्त शिकलेलं म्हणून दाखवलं होतं. असं बोलायचं असतं, त्याला काही अर्थ नसतो, एवढंच तिला कळलं होतं. उद्या ती आपल्यालाही याच आवाजात 'अम्मा, बस ना' म्हणेल, आणि आपण छातीवर हात ठेवू.

दौलत दाराकडे वळली होती. इन्शिराहनं तिचं मनगट धरलं. अगदी घट्ट, बांगड्या रुतेपर्यंत.

"कुठे चाललीस? पोरीनं बोलावलंय ना तुला?"

"अगं, ती आपली..."

"बस!" तिनं दौलतला खुर्चीत अक्षरशः आदळलं. ताट घेतलं, महशीचा ढीग ठेवला, वर बदकाचा तुकडा, बाजूला मुलूखियाचा वाडगा. "या घरात बोलावलं की जेवायला मिळतं. खा."

"इन्शिराह, खरंच पोट भरलंय."

"ते तू मघाशी ठरवायचं होतंस. खा!"

दौलतनं एक महशी तोंडात घातली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला इन्शिराहनं तिला रुमालही दिला नाही. नवारा घास हातात धरून बघत राहिली, एकदा काकूच्या ताटाकडे, एकदा आईकडे. तिची भुवई हळूहळू खाली आली.

"आणि उद्या आपण जातोय," इन्शिराह म्हणाली. "सगळे. सासूबाईंसकट. दोन खोल्या तर दोन खोल्या, गच्ची असेल तर गच्चीवर. तुझ्या बहिणीच्या आठ्या मी मोजते, तू काळजी करू नकोस. सासूबाईंना फ्लॅटचं काय ते तू वाटेत सांग. ते मी सांगणार नाही."

दौलतनं हातातली महशी ताटात ठेवली. "वाटेत? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

मग नवारानं विचारलं, तिच्या स्वतःच्या बारीक आवाजात, "काकू, ट्रामच्या रुळांमागून समुद्र दिसतो?"

"दिसत नाही," दौलत नाक ओढत म्हणाली. "पण रस्ता ओलांडला की आहे."

नवारा उठली, खुर्ची ओढत आतल्या खोलीत नेली आणि कपाटावरची ट्यूब काढायला तिच्यावर चढली. दौलतनं बास म्हणून ताटावर हात आडवा धरला. इन्शिराहनं तो बाजूला सारला आणि आणखी चार महशी वाढल्या.