दाताच्या डॉक्टरकडे

हेल्मीनं दोरी गुंडाळत आणली. मासा पाण्यात वर दिसू लागला आणि तिचा हात थांबला. या तळ्यात फक्त ट्राउट मासे, आणि ट्राउटच्या कुशीवर लाल ठिपके असतात, निळ्या कड्यांतले. हा पिवळा होता, अंगावर काळे पट्टे, पाठीवरचा पर काट्यांसारखा ताठ. तिनं त्याला होडीत घेतलं, मांडीवर दाबून धरलं, पण गळ काढला नाही.

"ऑस्मो, हे काय आहे?" ती मागे न वळता म्हणाली.

मागचं वल्हं थांबलं. "अडकलीय का दोरी?"

"मी विचारलं, हे काय आहे?"

होडीत असं गर्रकन वळू नये हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी ती वळली. होडी हिंदकळली, ऑस्मोनं दोन्ही काठ धरले. तिनं मासा त्याच्या नाकासमोर धरला. त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. तेवढ्यानं मासा बदलणार नव्हता.

"पर्च दिसतोय," तो म्हणाला.

"दिसतोय नाही. आहे."

या तळ्याला नकाशावर नाव नव्हतं. लाकूडतोडीच्या दिवसांत बाबांना ते सापडलं, आणि मरताना त्यांनी घर थोरल्या भावाला, ऑस्मोला दिलं, शिवणयंत्र हेल्मीला, आणि तळं दोघांना मिळून. वर दोन अटी. तिसरा माणूस आणायचा नाही, आणि आमिषाला जिवंत मासा आणायचा नाही. पहिली अट हट्टाची असेल, दुसरी शहाणपणाची होती. दुकानातल्या आमिषाच्या बादलीत पर्चची पिल्लं हमखास असतात. एकदा का ती पाण्यात सुटली की तळ्यातलं खाणं फस्त करतात, ट्राउटची पिल्लं उपाशी मरतात, आणि काही वर्षांत पाहुणे घरमालक होऊन बसतात. हमरस्त्याकाठची सगळी तळी अशीच गेली. मग जाळी लावा, काही करा, गेलेलं तळं परत येत नाही.

हेल्मीनं पर्चचं डोकं वल्ह्याच्या दांड्यावर आपटलं आणि तो होडीच्या तळाशी टाकला. पुन्हा गळ सोडला. ऑस्मो वल्हवत राहिला. खडकाच्या टोकाशी, जिथं दरवर्षी पहिला ट्राउट लागायचा, तिथं गळाला ओढ बसली. याही वेळी पर्चच निघाला.

तिनं दोरी गुंडाळून ठेवली. "काठाला घे."

काठाच्या उथळ पाण्यात उन्हाला आलेली पिल्लं तिला दिसली. बोटाएवढी, पट्ट्यापट्ट्यांची, ढीगभर. म्हणजे हे कालपरवाचं काम नव्हतं. दोन-तीन वर्षं तरी झाली असणार, आणि तेवढी वर्षं हा भाऊ तिच्या मागे बसून मूग गिळून वल्हं मारत होता. मागच्या मे महिन्यात मासे कमी लागले तेव्हा म्हणाला होता, पाणी अजून गार आहे.

त्यानं विस्तव केला, कॉफीचं भांडं चढवलं. वेलदोड्याचा पाव कापून तिच्यापुढं धरला. तिनं घेतला नाही.

"कधीकधी बदकांच्या पायांना माशांची अंडी चिकटून येतात म्हणे," ऑस्मो म्हणाला.

"बदकं बादली घेऊन येतात का रे?"

त्यानं विस्तवात एक ढलपी सारली. ऑस्मोला खोटं बोलता येत नसे. त्यामुळे तो आयुष्यभर गप्प बसण्यात पटाईत झाला होता.

"डेल ना?" ती म्हणाली. डेल म्हणजे ऑस्मोचा पत्त्यांच्या डावातला जोडीदार. त्याच्या कानात पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पेट्रोल पंपावर पोचायची. "डेलच. दोन ग्लास पोटात गेले असतील आणि सुटलं असेल तुझं तोंड."

"डेल नाही."

"म्हणजे कोणीतरी आहे."

ऑस्मोनं काठीनं निखारे सारखे केले. ते सारखेच होते.

हेल्मी उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला, आणि समोरच्या काठावरून तो तसाच परत आला. "मर्विन माझा नवरा होता. तीस वर्षं त्याच्या ताटाशेजारी ताट मांडलं, आणि तीस वर्षं त्याला हे तळं सांगितलं नाही. का? तर बाबांचा शब्द! दर मे महिन्यात त्याला सांगून निघायचे, दाताच्या डॉक्टरकडे जाते. त्याला काय कळत नव्हतं? सगळ्या गावाला कळायचं. तुझ्या तोंडात दात उरलेत चार, आणि निघालायस डॉक्टरकडे गळ घेऊन! पण त्यानं कधी विचारलं नाही. थर्मास भरून द्यायचा आणि म्हणायचा, फार दुखलं तर हात वर कर. शेवटच्या वर्षी जिना चढताना धाप लागायची त्याला. तेव्हासुद्धा मी तोंड उघडलं नाही. आणि तू कोण्या उपटसुंभाला इथं घेऊन आलास, बादलीसकट! केसानं गळा कापलास माझा."

"उपटसुंभ नव्हता तो," ऑस्मो म्हणाला. "मर्विन होता."

कॉफी उतू गेली. त्यानं भांडं उतरवलं, हात भाजला.

"कधी?" तिनं विचारलं.

"त्याच्या शेवटच्या सप्टेंबरात. पानं पिवळी झाली होती. आपण होऊन आला माझ्याकडे. म्हणाला, एकदा ने. मी नाही म्हणालो, खरंच सांगतो. तर पायरीवर बसला आणि खोकत राहिला. खोकणाऱ्या माणसाला किती वेळ नाही म्हणायचं, हेल्मी? गाडीपासून होडी एका खेपेत खांद्यावर आणली आणि त्याला दुसऱ्या खेपेत. चढावर तर पाठीवरच घेतला. काही वजन उरलं नव्हतं त्याच्यात."

"आणि बादली?"

"झाकण लावून त्याच्या पिशवीत होती. मला वाटलं डबा असेल. त्याला काय माहीत आपले नियम? आपण सांगितले होते कधी? मी उचलू दिली नाही त्याला ती पिशवी. मीच वाहून आणली." ऑस्मोनं भाजलेली बोटं फुंकली. "आमिष म्हणून ती पिल्लं वापरलीसुद्धा नाहीत त्यानं. जायच्या वेळी मी सामान बांधत होतो. वळून बघतो, तर हा काठाशी उकिडवा बसून बादली कलती करतोय. म्हणाला, बिचारी सकाळपासून गुदमरलीत त्यात. घेऊ देत मोकळा श्वास."

हेल्मी खाली बसली.

"तू ओरडला नाहीस?"

"झालं होतं. आणि तो हसत होता."

आता तिला तो दिवस आठवला. मर्विन सकाळी कोट चढवून दारात उभा राहिला होता. म्हणाला, दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येतो, ऑस्मो नेतोय गाडीनं. ती पीठ मळत होती. तिनं मान हलवली. संध्याकाळी तो परतला तेव्हा तोंडावर कधी नाही ते तेज होतं. तिनं विचारलं, काय म्हणाला डॉक्टर? तर म्हणाला, दवाखाना फार देखणा आहे गं. आजारी माणूस काहीही बरळतो असं म्हणून तिनं त्याला सूप वाढलं होतं. आणि मग हिवाळ्यात, तो अंथरुणाला खिळल्यावर, एकदा तिचा हात धरून म्हणाला होता, मलाही ने की तुझ्या डॉक्टरकडे. ती म्हणाली, तुझे दात धड आहेत. त्यानं तिचा हात सोडला होता आणि तो कुशीवर वळला होता. मार्चमध्ये, बर्फ वितळायच्या आधी, तो गेला.

"मला सांगायचं तरी होतंस," ती म्हणाली. आवाज आता चढला नाही. "तो गेल्यावर तरी."

"शपथ घातली होती त्यानं. म्हणाला, ती आपण होऊन सांगेल मला. वसंत आला की आणेल इथं. तेव्हा तू काही बोलायचं नाहीस, मी पहिल्यांदाच बघतोय असं करीन. वाटेत तर बसून तालीमही केली त्यानं, डोळे कसे विस्फारायचे त्याची." ऑस्मोनं बाहीनं नाक पुसलं. "आणि तो गेल्यावर तुला काय सांगणार होतो मी? की तुझ्या नवऱ्यानं बाबांचं तळं मारलं?"

तिला ऑस्मोचा राग आला. मर्विनचा तर त्याहून जास्त, कारण त्याच्याशी आता भांडताही येत नव्हतं. दोघांनी मिळून तिला वेड्यात काढलं होतं आणि ती एकटी इमानानं शब्द पाळत बसली होती. आणि बाबांनी असला शब्द घेतलाच का, हे आजवर तिच्या मनातही आलं नव्हतं. पाण्यावर लांब कुठंतरी काहीतरी उसळलं. ट्राउट की पर्च, हे बघायला दोघांपैकी कोणीही मान वळवली नाही.

"त्याला लागला का मासा?" तिनं विचारलं.

"एक. ट्राउट." ऑस्मोनं हात फाकवून दाखवले, आणि खोटं बोलता येत नसल्यामुळे ते थोडे जवळ आणले. "हा एवढा. त्या टोकाशी."

"मग? घरी तर काही आणलं नव्हतं त्यानं."

"सोडून दिला. मी म्हटलं, ने की, हेल्मी लोण्यात तळेल. तर म्हणाला, नको. ती विचारेल कुठं मिळाला, आणि माझ्या तोंडून निघून जाईल. मग तिला मला सांगण्यासारखं काय उरेल?"

हेल्मीनं भांड्यातली उरलेली कॉफी विस्तवावर ओतली आणि "चल, त्या टोकाशी ने मला," म्हणत ती होडीकडे निघाली.