दोन टन वाफ

मालकांनी सांगून टाकलं होतं: बॉयलर तासाला दोन टन वाफ देत असेल, तर वाळवणीची नवी यंत्रं आणू, नाहीतर धुलाईखानाच बंद. बॉयलर सांभाळतात आमचे हे, आणि आत चादरींना इस्त्री करते मी. म्हणजे घरातले दोन्ही पगार त्या एका भांड्यावर. माझा जीव टांगणीला लागला होता.

वाफ मोजायचा मीटर कधीचा मेलेला. तेव्हा यांनी सोपा हिशेब काढला. बॉयलरला पाणी पुरवणारी टाकी काठोकाठ भरली, वरचा नळ बंद केला, आणि बॉयलरमधली पाण्याची पातळी होती तिथेच राखली. आता तासाभरात टाकीतून जेवढं पाणी गेलं, तेवढ्याचीच वाफ. दुसरीकडे जाईल कुठे?

टाकी उतरली ती दोन टनांहून चांगली जास्त. हे धावत इस्त्रीखात्यात आले आणि सगळ्या बायकांसमोर ओरडले, "अगं, जिंकलो!" बायकांनी आम्हाला चिडवून चिडवून हैराण केलं. मीही हसले, पण हातातली चादर दमट लागत होती.

त्या तासाभरात माझे वाफेचे रोलर धड तापलेच नव्हते. एकेक चादर दोनदा घालावी लागली. एवढी वाफ झाली, तर मग गेली कुठे? मनाशी म्हटलं, बाई, गप्प बस. सासूबाईंची औषधं, नणंदेचं कॉलेज, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण माझा स्वभावच मेला असा, पोटात काही राहील तर शपथ! चादर घेतली आणि बॉयलरकडे गेले.

यांनी चादर चाचपली. बॉयलरच्या मागे जाऊन वाकले. तळाचा गाळ सोडायचा व्हॉल्व्ह आवळलेला होता, तरी त्याच्या पुढचा पाइप चटका देत होता. आत खडा अडकला असणार. उकळतं पाणी वाफ न होताच गटारात चाललं होतं, आणि आम्ही तेही वाफेतच धरलं होतं.

"आता हो?"

"आग विझवून व्हॉल्व्ह खोलायचा, मग पुन्हा मोजायचं. भरतील दोन टन, नाहीतर नाही भरणार."

तेवढ्यात मालक आलेच. "काय मिस्त्री, भरले म्हणे! यंत्रांची ऑर्डर देऊन टाकतो."

चादर घेऊन आलेली मीच, पण ती पाठीमागे लपवली आणि यांची बाही घट्ट धरली. यांनी माझी बोटं हळूच सोडवली.

"मालक, आकडा खोटा आहे. तळातून पाणी गळतंय. दुरुस्त करून पुन्हा मोजतो, थोडा वेळ द्या."

मालकांनी मागे जाऊन तो पाइप पाहिला. "खरं बोललात, बरं केलंत. पण आता या भांड्यामागे नाही लागायचं मला. बंदच करू."

ते गेल्यावर हे पालथ्या बादलीवर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कशाला आणलीस गं ती चादर?"

मला राग आला, आणि मग रडूच फुटलं.

"मला वाटलं, तुम्ही काहीतरी कराल."