खोटी शिट्टी

शिट्टी वाजली तेव्हा चंद्रभागा बुटाची नाडी बांधत होती. तिने मान वर केली नाही. तिच्या डाव्या कानात गेली एकोणचाळीस वर्षं शिट्टी वाजतच होती. प्रत्येक शिट्टीला मान वर करत बसली असती, तर मशीनवर बसून एक ब्लाउज पुरा झाला नसता. पण बाकावर शेजारी बसलेल्या ठमाबाईंनी गुडघ्यांवर हात टेकले आणि उठायला सुरुवात केली, तेव्हा तिला कळलं, ही बाहेरची आहे.

"ऊठ गं. मास्तर आला," ठमाबाई म्हणाल्या. "फुकटात वाकवतो सगळ्यांना. म्हातारा हाय, पण लय कडक."

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर मधल्या मोकळ्या जागेत वीसेक माणसं रांगा धरत होती. त्यांच्यासमोर पांढऱ्या बुटांतला, ताठ पाठीचा म्हातारा उभा होता. डोक्याला कानटोपी, गळ्यात लाल दोरी आणि दोरीला शिट्टी. त्याने पाय जुळवले आणि म्हणाला, "सा-व-धान!" त्यातला 'सा' त्याने इतका लांबवला की चंद्रभागेच्या बोटांतून नाडी सुटली.

असा 'सा' जगात एकाच माणसाचा होता. गाडेकर सर.

सायखेड्याच्या पलीकडे तिचं गाव. गावच्या शाळेत सातवीत असताना तालुक्याच्या शर्यतीसाठी पाच मुलींतून एक निवडायची होती, आणि ती कोण हे मैदानावरच्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. चुन्याच्या रेषेवर अनवाणी उभी असताना चंद्राला शिट्टी ऐकू आली आणि ती सुटली. वीस-पंचवीस पावलांवर तिच्या लक्षात आलं, आपण एकटेच पळतोय.

"कोणाला विचारून पळालीस?" सर तिच्यापर्यंत चालत आले होते.

"शिट्टी वाजली, सर."

"मी वाजवली?"

"वाजली, सर. मी ऐकली."

"बाकी चौघींना ऐकू आली नाही. तुझेच कान वाजले का?"

"नाही, सर."

मग तो हात आला. अख्खा पंजा, सरळ कानावर.

"आता वाजतील," सर म्हणाले. सगळं मैदान हसलं. तालुक्याला दुसरीच मुलगी गेली.

आणि वाजले की! त्या दिवसापासून आजपर्यंत, न थांबता. बारीक, उंच, कुकर शेजारच्या घरात असावा तशी एक शिट्टी. हे सांगायचं तरी कोणाला, आणि कसं? भलतंच ऐकणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, कान वाजले तुझे. त्यामुळे 'माझे कान वाजतात' असं तिने म्हटलं रे म्हटलं की समोरचा हसायचाच. आई हसली, नवरा हसला. पन्नाशी ओलांडल्यावर कानाच्या डॉक्टरांकडे गेली, तेव्हा पहिल्यांदा कोणी हसलं नाही. डॉक्टर म्हणाले, आतली नस जुनी दुखावलेली आहे, आवाज पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. पण बीपी चढलं, झोप मोडली, बसून बसून अंग जड झालं, की तोही चढतो. मीठ कमी करा. रोज चाला. अगदी शांत खोलीत झोपू नका, पंखा चालू ठेवा, म्हणजे तो त्या आवाजात मिसळतो.

म्हणून ती चालायला आली होती, आणि चालायला आली तर हा.

त्या दिवशी चालताना तिने ठरवलं. एक कानाखाली. फार नाही, एकच. भर ट्रॅकवर, सगळ्यांदेखत, अख्खा पंजा.

अडचण एवढीच होती की सर नव्या माणसांना शेवटच्या रांगेत उभं करत. ज्याचं अंग वळेल तो पुढे, हा त्यांचा कायदा. पहिल्या रांगेत यायचं, तर ताठ उभं राहून गुडघा छातीपर्यंत यावा लागे. चंद्रभागेचा गुडघा पोटापर्यंत यायचा आणि तिथे त्याची नि पोटाची भेट होऊन दोघंही थांबायचे.

मग ती इरेला पेटली. सकाळी ट्रॅकवर, दुपारी मशीनच्या बाजूला भिंत धरून, संध्याकाळी गच्चीत. नवरा, दीपक, एकदा दारात उभा राहून बघत राहिला.

"कोणाशी कुस्ती आहे का?"

"आहे."

"जिंकशील?"

"आधी रांगेत तर येऊ दे."

दिवाळीला ती तिसऱ्या रांगेत होती. डिसेंबरच्या थंडीत दुसऱ्या. जुन्या सलवारींच्या नाड्या चार चार बोटं जास्त ओढाव्या लागू लागल्या. रात्री पाठ टेकली की झोप लागत होती. डॉक्टरांनी बीपीचा पट्टा सोडला आणि आकडा पुन्हा एकदा बघितला.

"काय करता हो?"

"व्यायाम."

"अगदी मन लावून करता वाटतं."

"हो," चंद्रभागा म्हणाली. "अगदी मन लावून."

कानातली शिट्टी होतीच. पण ती आता शेजारच्या घरातून दोन घरं पलीकडे गेली होती.

ज्या सोमवारी सरांनी तिला बोट दाखवून पहिल्या रांगेत बोलावलं, त्याच सोमवारी ते घडलं. शेवटी सगळे डोळे मिटून बसले होते, दीर्घ श्वास चालला होता. सरांनी एकदम डोळे उघडले.

"शिट्टी कोणी वाजवली?"

मागून कोणीतरी म्हणालं, "सर, शिट्टी तुमच्याच गळ्यात आहे." हशा पिकला. सर हसले नाहीत. समोर चंद्रभागाच होती, तिच्याकडे ते वाकले.

"ताई, तुम्ही ऐकली का?"

त्यांचा गाल तिच्या हाताच्या टप्प्यात होता. दाढीचे पांढरे खुंट, कानाच्या पाळीवर एक केस. तिचा हात मांडीवरून उचललासुद्धा गेला होता. पण सरांच्या डोळ्यांत जे होतं ते तिने आरशात पाहिलेलं होतं, आणि ते दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांत बघण्याची गोडी तिला एकदम लागली. थप्पड काय, एका क्षणाची. हात परत मांडीवर गेला.

"नाही, सर," ती म्हणाली.

खरं तेच बोलली. पुढेही रोज खरंच बोलली. सर आठवड्यातून दोनदा, मग रोज, मग उठता-बसता विचारू लागले. "आत्ता वाजली का?" "नाही, सर." "आणि आत्ता?" "नाही हो." एक दिवस ते तिच्याशेजारी बाकावर येऊन बसले.

"सून म्हणते, बाबा, तुमचे कान वाजतात." त्यांनी शिट्टी मुठीत धरली. "चाळीस वर्षं शिट्टी वाजवली मी. मला शिट्टी कळत नाही होय?"

चंद्रभागेला सगळं माहीत होतं. चाळीस वर्षं ती शिट्टी सरांच्याच कानाखाली वाजत आली होती, हेही तिला कळत होतं. डॉक्टरांचं नाव माहीत होतं, मीठ माहीत होतं, पंखा माहीत होता.

"रात्री झोप लागते का, सर?"

"छे. रात्री तर फार."

"अस्सं," ती म्हणाली. घरी जाऊन तिने एकटीसाठी बदाम घालून शिरा केला.

ठमाबाईंना तिच्या कानाचं ठाऊक होतं. त्यांनी दोन-चार दिवस वाट पाहिली.

"अगं, सांग की त्याला डाक्टरचं नाव. तुझे बी वाजतात ना?"

"नाही सांगणार."

"का गं?"

"असंच."

"बाई, तुझ्या पोटात काय हाय ते तुलाच ठावं," ठमाबाई म्हणाल्या. "पण काय तरी हाय. बिनकामाचं कोन गुडघा छातीला लावतं?"

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर ज्येष्ठांची शर्यत ठेवायची, असं ठरलं. त्याची बोलणी व्यायाम संपल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीवर चालली होती. सरांना हुरूप आला होता. बऱ्याच दिवसांनी ते कानाचं सोडून दुसरं काही बोलत होते.

"शर्यतीत पाय नाही, ताबा लागतो," ते म्हणाले. "शाळेत माझी एक युक्ती होती. पोरं रेषेवर उभी केली, की जो सगळ्यात तयार असेल ना, त्याच्या अगदी पाठीशी जाऊन उभं राहायचं. आणि ओठांनीच हळू शिट्टी घालायची. खोटी. त्याला एकट्याला ऐकू जाईल एवढीच. पळाला, की समजायचं ताबा नाही."

"आन् मग?" ठमाबाईंनी विचारलं.

"मग काय! एक ठेवून द्यायची." सर हसले. "जन्मभर लक्षात राहते."

चंद्रभागेच्या हातात चहाचा ग्लास होता. तो किती पोळतोय हे तिला कळलं, तेव्हा बोटं लाल झाली होती. तिने ग्लास ठेवला, ओढणीने बोटं पुसली, एकेक करून. शिट्टी वाजली होती. तिने ऐकली होती. बाराव्या वर्षी तिचे कान अगदी चोख होते.

एक कानाखाली आता पुरणार नव्हती.

सव्वीस तारखेला धुकं होतं. झेंडा झाला, लाडू वाटून झाले. सहा म्हातारे रेषेवर उभे राहायला निघाले. रेषा चुन्याची होती. सर पाचव्या जागेवर उभे राहिले, आणि मग काही आठवल्यासारखे मागे आले. गळ्यातली लाल दोरी त्यांनी काढली आणि चंद्रभागेपुढे धरली.

"ताई, तुम्ही वाजवा. मला माझा भरवसा राहिला नाही. घरचे, दारचे, सगळे आता माझं मन राखायला हो ला हो करतात. तुम्ही एकट्या खरं बोललात. तुमचे कान शाबूत आहेत."

चंद्रभागेने दोरी घेतली. शिट्टी अजून गरम होती.

"सावधान," ती म्हणाली. 'सा' तिने हवा तेवढा लांबवला.

सहाजण वाकले. बघणारे गप्प झाले. तिने शिट्टी ओठांत धरली आणि थांबली.

शांततेत ती चढते. हे चंद्रभागेइतकं त्या ट्रॅकवर कोणाला माहीत होतं? आजूबाजूचं सगळं थांबलं, अंग ताणलं, छाती धडधडू लागली, की ती दोन घरं पलीकडून उठते आणि थेट उशाशी येऊन बसते. तिची आली होती. सरांचीही येत असणार. ती त्यांच्या मानेकडे बघत होती. मानेची शीर ताठली होती. ती फुंकत नव्हती. एक श्वास गेला, दुसरा गेला. धुक्यात कुठेतरी रिक्षा गेली, तीही विरली.

आणि सर सुटले.

बहात्तर वर्षांचा माणूस, पण काय सुटला! कोपर काटकोनात, मान सरळ. वीस-पंचवीस पावलांवर त्यांना कळलं की मागे पाय वाजत नाहीत. ते थांबले, वळले. आधी एकजण हसला, मग सगळे. ठमाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून.

चंद्रभागा त्यांच्यापर्यंत चालत गेली.

"वाजली ना?" सर म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "वाजली, ताई. मी ऐकली."

"बाकी पाच जणांना ऐकू आली नाही, सर."

तिच्या चेहऱ्यावरून त्यांची नजर हळूहळू फिरली, कपाळ, डोळे, मग डावा कान. तिथे ती अडकली.

"तुम्ही... कोणत्या गावच्या?"

तिने हात उचलला. सरांचे डोळे आपोआप मिटले, आणि त्यांचा तळवा गालाकडे गेला, लहान मुलाचा जातो तसा. तिने ते नीट बघून घेतलं. सावकाश, घाई न करता. एकोणचाळीस वर्षांत या घटकेचे तिने अनेक शेवट केले होते. त्यातल्या एकातही समोरचा माणूस थरथरत नव्हता.

उचललेल्या हाताने तिने शिट्टी तोंडात घातली. सरांचा कान दोन वितींवर होता. तिने मान वळवली आणि मैदानाकडे तोंड करून फुंकली, छातीतला सगळा दम लावून. रेषेवरचे पाचजण दचकून पळत सुटले.

"आता वाजली," ती म्हणाली. "पळा, सर."

सर पळाले. पंचवीस पावलं आधीच पुढे असून ते शेवटून दुसरे आले.

माणसं पांगली तेव्हा ते तिच्यापुढे येऊन उभे राहिले. कानटोपी हातात होती. मग त्यांनी हात पुढे केला, शिट्टीसाठी. चंद्रभागेने ती ओढणीला पुसली, लाल दोरी स्वतःच्या गळ्यात घातली आणि केस दोरीबाहेर काढले.

सरांनी हात मागे घेतला.

ती बाकाकडे निघाली, आणि चार पावलांवर थांबली.

"रात्री पंखा लावून झोपत जा."

"पंखा?" सर म्हणाले. "जानेवारीत? थंडी वाजेल, ताई."

"वाजू दे," चंद्रभागा म्हणाली.