सुयांचा गोळा
बहिणीला पहिली मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. तिचे दोघे भाऊ दगडाच्या खाणीत कामाला होते. थोरल्याला स्फटिक जमवायचा नाद. वीस वर्षांत त्याचं काचेचं कपाट भरलं होतं आणि लोक ते मुद्दाम बघायला यायचे. धाकट्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सुरुंगानं फुटलेल्या खडकाच्या पोकळीत एके दिवशी हात घातला तो त्यानंच, आणि बाहेर काढला मुठीएवढा पांढरा गोळा. केसाहून बारीक सुयांचा, सशाच्या शेपटीसारखा.

"दादा, तुझ्या कपाटात आहे का रे असला?"

"असले ढीगभर टाकून दिलेत," थोरला म्हणाला. पोटात मात्र दुखायला लागलं होतं. असा एकही त्याच्याकडे नव्हता.

"मातीनं मळलाय. कसा धुऊ?"

असल्या सुयांना पाणी काय, बोटही लावायचं नसतं, नुसती फुंकर घालायची, हे थोरल्याला पक्कं ठाऊक होतं.

"साबणाच्या पाण्यात घाल आणि ब्रशनं घास चांगला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी धाकटा गोळा घेऊन आला. सुया मोडून एकमेकींना चिकटल्या होत्या.

"तू सांगितलंस तसंच केलं रे दादा. माझाच हात जड. तुझ्या हातानं काही होतंय का बघ."

थोरल्यानं तो कपाटात मधोमध ठेवला. खरं सांगून टाकायचं रोज ठरवलं आणि रोज टाळलं. भाची चालायला लागली, त्या महिन्यात धाकटा तापानं वारला.