बनाबाईच्या भुईमुगाला गाठी

हरिबाला मेंढरांतलं सगळं कळायचं आणि शेतातलं काही म्हणजे काही कळायचं नाही. पण कबूल करील तो हरिबा कसला! आटपाडीच्या माळावरचा हा मेंढपाळ दरवर्षी दिवाळी झाली, की घोड्यावर बिऱ्हाड लादायचा आणि मेंढरं, बायको सगळ्यांना घेऊन कराडकडं निघायचा. पावसाळ्याच्या तोंडाला परत. सारा जन्म असाच गेला होता.

बहात्तरचा दुष्काळ सरून काही वर्षं झाली आणि बायकोनं, बनाबाईनं, एकदम हट्टच धरला. "आता न्हाई हुत माज्यानं. घरामागचा माळ नांगरून भुईमूग पेरते. साधला तर दिवाळीनंतर म्या हितंच ऱ्हानार. बुडाला तर गपगुमान तुमच्या मागनं येते."

"बरं," म्हणून हरिबा हसला. त्या माळावर आजवर कुसळाशिवाय काही उगवलं नव्हतं. मग बरं म्हणायला काय जातंय!

पेरणीआधी तालुक्याचा शेतीखात्याचा माणूस काळ्या पुडीचं एक पाकीट देऊन गेला. पुडीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते पिकाला पोसतात, असं काहीतरी म्हणाला. बनाबाईनं ती पूड गुळाच्या पाण्यात कालवून बियाला चोळली, बी सावलीत सुकवलं. "आगं, बियाला कवा गूळ चारत्यात व्हय?" म्हणून हरिबानं तिची लय टिंगल केली. पूड पुरली नाही, तेव्हा बांधाकडच्या चार ओळींत बी तसंच पेरलं.

श्रावणात रान हिरवंगार झालं. बांधाकडच्या ओळी तेवढ्या पिवळ्या. एका दुपारी बनाबाई दळणाला गेलेली बघून हरिबानं एक हिरवं रोप उपटलं, अन् बघतो तर काय, मुळांवर मोहरीएवढ्या गाठी! दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. सगळ्यांना गाठी. पिवळ्या ओळीतलं उपटलं, तर त्याचं मूळ स्वच्छ.

त्याला वाटलं, झालं, रोग पडला. मेंढरू सोलताना आतड्यावर अशाच गाठी दिसल्या, की ते आतून सडलेलं असतं, हे त्यानं कितीदा पाहिलं होतं. वरून धडधाकट दिसतं आणि बघता बघता वाळत जातं. त्या पाकिटानंच घात केला म्हणायचा!

आणि खरं सांगायचं तर त्याच्या मनात उकळ्या फुटल्या. पीक बुडणार, बना आपल्याबरोबर येणार! लग्न झाल्यापासून तिच्याशिवाय त्यानं एक मुक्काम केला नव्हता. परमुलखात, संध्याकाळी तीन दगडांच्या चुलीपुढं ती नसेल, या विचारानं पेरणीपासून त्याला घास गोड लागत नव्हता. पण असलं कुणाला बोलतात होय?

बांधावर टेकून त्यानं सवयीनं एक गाठ नखानं फोडली. मेंढराच्या गाठीत निघते तशी हिरवट घाण निघेल असं त्याला वाटलं होतं. आतून लालसर रंग निघाला. दुसरी फोडली. तीही तशीच, ताज्या मांसासारखी. आयुष्यभर आतडी चाळलेला माणूस तो. रोगाचा रंग असा नसतो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. त्यानं पुन्हा एकदा हिरव्या रानाकडं पाहिलं, पिवळ्या ओळींकडं पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं.

तेवढ्यात बनाबाई आली. उपटलेली रोपं आणि त्यांच्या गाठी बघून तिनं डोक्यावरचं दळण तिथंच बांधावर टाकलं.

"आवं, ह्यो रोग हाय का? तुमाला कळतंय. सांगा की!"

नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. ती मुकाट्यानं बिऱ्हाड बांधून निघाली असती. पण तिचा चेहरा बघून खोटं बोलायला हरिबाची जीभ वळेना.

"न्हाई गं," तो म्हणाला. "लय ब्येस हाय पीक. त्या पाकिटातलं जीव मुळात घर करून बसल्यात. गाठी आतनं तांबड्या, जित्या हायत. दिवाळीनंतर तू हितंच ऱ्हा."

बनाबाईनं एक गाठ आपल्या हातानं फोडून बघितली. हसू का रडू, तिला कळेना. मग तिनं नवऱ्याकडं निरखून पाहिलं.

"मंग तुमी त्वांड का पाडलंय?"

"मला तुज्याबिगर करमायचं न्हाई," हरिबा बोलून गेला आणि त्या वयात कानापर्यंत लाजला.

बनाबाईनं तोंडाला पदर लावला. "आगं बया! कराडला यष्टी जाती की! शेंगा भाजून घिऊन येते, चार-चार दिस ऱ्हाते." मग ती हळूच म्हणाली, "मला तरी हितं येकटीला कुटं करमनार हाय?"